पहिली हाक

आमच्या कासार आळीत दिवेलागणीनंतरच्या पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. प्लेगात ही आळी ओस पडली होती. त्यात गेलेले लोक सांजवेळी हाक मारतात, मात्र एकदाच, आणि ओ देणाऱ्याला सोबत नेतात, अशी इथली श्रद्धा. म्हणून दुसरी हाक येईपर्यंत सारे मौन धरतात.

काल संध्यावंदन आटोपून उठत होतो, तोच समोरून हाक आली, "अण्णा!" आवाज गोदाक्कांचा वाटला. त्या एकट्या राहतात आणि तापाने अंथरुणाला खिळल्या आहेत. मी दुसऱ्या हाकेची प्रतीक्षा केली. आळी निःशब्द होती. मग वाटले, दुसऱ्या हाकेपुरता श्वासच त्यांच्यापाशी उरला नसेल तर? नारायणाचे स्मरण करून मी "आलो" म्हणालो आणि रस्ता ओलांडला.

गोदाक्का खाटेवरून खाली पडलेल्या होत्या. पाणी पाजल्यावर कुठे शब्द फुटला.

"कुणी बोलावलं तुम्हाला?"

"तुम्हीच नाही का हाक मारलीत?"

"मी? घशातून आवाज निघेल तर शपथ! हाक मीही ऐकली हो. म्हटलं, आज अण्णांचा नंबर लागला!"

त्या हसल्या. मला हसू आले नाही. ज्यांना भिऊन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहिलो, त्यांनी आजवर कोणाकोणासाठी हाका मारल्या असतील!