सफरचंदाचा झुणका

आक्कानं साखर सोडली तो रविवार होता. मी बेळगावहून निपाणीला क्रंबल, म्हणजे सफरचंदाचा एक भाजलेला गोड पदार्थ, घेऊन गेले होते. तिनं भांड्यावरचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. त्यानंतर ती एकेक वस्तू सोडत गेली आणि शेवटी तिनं पाणी सोडलं.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणी घालणं, मला शाळेत सोडणं, मी ताटात काही टाकलं तर डोळे वटारणं हे सगळं तिच्याकडे आलं. लग्न होऊन ती निपाणीला गेली. मी शिकत राहिले, पुढे कॉलेजात शिकवायला लागले आणि बेळगावातच, अनगोळात एकटी राहिले. निवृत्त झाल्यावर दर रविवारी तिच्याकडे जायचं हे ठरून गेलं. सकाळची बस, संकेश्वर, मग तवंदीचा घाट. घाट उतरला की खिडकीतून तंबाखूचा वास यायचा आणि मी मांडीवरचं भांडं सावरून बसायची.

आम्ही जैन. वाराप्रमाणे जेवणातला एकेक रस सोडायची चाल आमच्याकडे जुनी आहे. रविवारी मीठ नाही, मंगळवारी गोड नाही, बुधवारी तूप नाही, असं आठवडाभर. दिवस बदलला की ती वस्तू ताटात परत येते. मी एकटी राहायला लागल्यावर दिवस बुडायच्या आत जेवणं सुटलं, आणि ही चालही माझ्याकडून सुटली. आक्कानं ती कधी चुकवली नाही. म्हणून रविवारी मी तिच्यासाठी गोडच न्यायची, मिठाचा प्रश्नच यायचा नाही.

क्रंबल मला बेळगावच्या कॅम्पात राहणाऱ्या एका सहकारी बाईंनी शिकवलं होतं. सफरचंदाच्या फोडी, त्यावर साखर, दालचिनी आणि लिंबू. वरून कणीक, साखर आणि लोणी बोटांनी चोळून केलेला भरड चुरा. मग सगळं ओव्हनमध्ये. त्यात अंडं नाही हे ऐकून मी खूश झाले होते. पण जैन म्हणून लोणी आमच्या घरात चालत नाही. मी तूप घेतलं, फ्रिजमध्ये थिजवून दगडासारखं केलं आणि कणकेत चोळलं. बोटं गार ठेवावी लागतात. हाताची ऊब लागली की तूप पातळ होतं आणि चुऱ्याची कणीक मळल्यासारखी होते. जमलं की मात्र वरचा थर खमंग, रवाळ होतो आणि खालून सफरचंदाचा रस कडेनं वर येऊन जळतो.

आक्कानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चमच्यानं वरचा थर उकरला आणि सुनेला हाक मारून सांगितलं की मावशीनं सफरचंदाचा झुणका आणलाय. खाल्ल्यावर म्हणाली की एवढी पुस्तकं वाचून बाईला शेवटी झुणकाच आला. पण भांडं तिनं स्वतःकडे ओढून घेतलं होतं. त्या घरात त्या पदार्थाला पुढे तेच नाव पडलं.

त्या रविवारी तिनं झाकण परत लावलं तेव्हा मला वाटलं, मंगळवारचा नियम तिनं काही कारणानं आज पाळला असेल. भाद्रपदातलं पर्व नुकतंच संपलं होतं, त्यात ती वेगवेगळे नियम घ्यायची. तसं मी विचारलं.

“न्हाय गं,” ती म्हणाली. “सोडली.”

“किती दिवस?”

ती हसली. “सोडली म्हंजे सोडली. परत आणायला सोडत्यात व्हय?”

क्रंबल सुनेनं आणि भाच्यानं खाल्लं. आक्का शेजारी बसून त्यांना वाढत होती.

घरी येताना मी बसमध्ये विचार करत होते तो साखरेचा. तिला काय झालंय हा विचार माझ्या मनात आला नाही. वयाला साखर बरी नाहीच, असंही मी स्वतःला सांगितलं. पुढच्या रविवारी मी गूळ घालून क्रंबल केलं. ते जरा काळं झालं, चुरा चिकटला, पण चव चांगली होती. आक्का ते बघून खूप वेळ हसली. म्हणाली, मास्तरीणबाईंनी पळवाट काढली. आणि खाल्लं. मला जिंकल्यासारखं वाटलं.

दिवाळीनंतर तिनं गूळही सोडला. मी मग सगळ्यात गोड, पिकलेली सफरचंदं निवडायला लागले. फळवाला एकेक हुंगू द्यायचा. फोडी मंद आचेवर तासभर ठेवल्या की त्यांचीच गोडी उतरते, हे मला तेव्हा कळलं. मग तिनं घराबाहेर रांधलेलं खाणं बंद केलं. तर मी सफरचंदं पिशवीत घालून निपाणीला नेऊ लागले आणि तिच्याच स्वयंपाकघरात करू लागले. तिथं ओव्हन नव्हता. सून परसातल्या चुलीवर जाड पितळी पातेलं ठेवून द्यायची, झाकणावर निखारे घालायची. वरचा थर एकसारखा भाजायचा नाही, कुठं पांढरा, कुठं करपलेला. आक्का करपलेला भाग मागून घ्यायची.

थंडी वाढली तशी तिनं तूप सोडलं. तुपाशिवाय चुरा होत नाही, कणीक नुसती पिठासारखी राहते. मी एक आठवडा त्यावर घालवला आणि शेंगदाण्याचं कूट चोळून पाहिलं. दाण्यांच्या अंगच्या तेलावर चुरा बऱ्यापैकी धरला. मी कुटाचा डबा घेऊन तिच्याकडे करायला गेले तेव्हा मनातून फार आनंदात होते. आक्कानं दोन घास खाल्ले. पूर्वी ती वाटीभर खायची. मी विचारलं तर म्हणाली, दाणे जड पडतात.

त्या दिवशी मी पाहिलं की तिची वाटी बदलली होती. चांदीच्या मोठ्या वाटीऐवजी देवापुढे नैवेद्याला ठेवतात तसली लहान वाटी होती. तिच्या खोलीतलं कपाट उघडं होतं आणि अर्ध्याहून अधिक फळ्या रिकाम्या होत्या. साड्या कुठं गेल्या म्हणून मी विचारलं नाही. तिच्या अंगावर फिकट सुती साडी होती आणि पोलक्याच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. घरात सगळे हळू बोलत होते. भाचा तंबाखूच्या वखारीतून लवकर आला आणि मला बघून परत बाहेर गेला.

मग तिनं गहू सोडला. मी ज्वारीचं पीठ नेलं.

त्या रविवारी परसात निखारे फुंकताना सून अचानक रडायला लागली. मला वाटलं धूर गेला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सांगितलं की आत्यांच्या, म्हणजे आक्काच्या, पोटात गाठ आहे. कोल्हापूरला दाखवलं होतं, पावसाळ्यातच. आता करण्यासारखं काही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मला सांगायचं नाही अशी आक्काची सगळ्यांना ताकीद होती. नंतर ती एकदा मुनी महाराजांच्या दर्शनाला गेली, आणि त्यांच्याशी बोलून आल्यापासून हे सुरू झालं.

“मावशी, बाकीचे सहा दिवस आत्या नुसत्या मुगाच्या पाण्यावर हाईत,” ती म्हणाली. “तुम्ही करताय तेवढंच खात्यात.”

सल्लेखना हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता. शरीर साथ देईना, उपाय उरला नाही, की गुरूंच्या संमतीनं अन्न हळूहळू कमी करत न्यायचं, शेवटी पाणी सोडायचं आणि मन शांत ठेवून मरण येऊ द्यायचं. त्यावर मी पुष्कळ वाचलं होतं. वर्गात कुणी विचारलं तर मी नीट समजावून सांगायची. तोच शब्द साखर, गूळ, तूप, गहू असा एकेक पायरी चढून आमच्या घरात आला, आणि मी प्रत्येक पायरीवर त्याच्यासाठी वेगळं पीठ चाळत बसले होते.

मी आत गेले. आक्का खिडकीशी बसली होती. मी तिला म्हटलं की मला सगळं कळलंय आणि हे थांबवायचं.

“काय थांबवू? मी कुठं पळतीय व्हय?”

मी खूप बोलले. औषधांबद्दल बोलले, बेळगावच्या डॉक्टरांबद्दल, बंगळूरबद्दल. तिनं सगळं ऐकून घेतलं. लहानपणी मी पाठांतर म्हणून दाखवायची तेव्हा ऐकायची तसं. मग माझा हात हातात घेतला. माझ्या बोटांना ज्वारीचं पीठ लागलेलं होतं.

“एकदम सोड म्हटलं असतं तर मला जमलं नसतं गं,” ती म्हणाली. “जीव लई वढ खातो. तू दर ऐतवारी थोडं थोडं कमी करून आणलंस, म्हणून सोपं गेलं.”

तोवर मी तिला धरून ठेवतेय असं मला वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी ज्वारी नेली नाही. कणीक नेली, साखर नेली, तुपाचा थिजवलेला गोळा बर्फात घालून नेला, दालचिनी नेली. पहिल्यांदा केलं होतं तसं पुरतं क्रंबल मी तिच्या स्वयंपाकघरात करायला घेतलं. सून दारात उभी राहून बघत होती. तिला कळलं होतं. तिनंच निखारे घातले. फाल्गुनाचं ऊन होतं. तूप सारखं वितळत होतं आणि मी बोटं पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा चोळत होते. दुपार कलली तसा वास सुटला. आधी दालचिनीचा, मग तुपात भाजल्या कणकेचा, आणि शेवटी कडेला जळणाऱ्या साखरेचा. तो परसातून माजघरात गेला, माजघरातून तिच्या खोलीत. घरात तसा वास बरेच महिने आला नव्हता. मी पातेल्यापाशी उभी राहून कान देऊन ऐकत होते.

आतून आक्कानं हाक मारली. मी पातेलं फडक्यात धरून नेलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तोवर तिनं धान्यही सोडलं होतं, फळांचा गाळलेला रस आणि पाणी एवढंच चालू होतं. ती पलंगावर टेकून बसली होती. तिनं वाकून वास घेतला, डोळे मिटून. तिचा कंठ एकदा हलला. मी चमचा पुढे केला.

“झुणका चांगला झालाय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. “माझा नेम मोडायला केलंस व्हय?”

“व्हय,” मी म्हणाले. त्या घरात मी तिच्यासारखंच बोलायची.

“बरं केलंस. वाट बघत हुते मी, कधी करतीस म्हणून.” तिनं पातेलं माझ्याकडे सरकवलं. “आता बस इथं आणि खा. सगळ्यास्नी बलाव. दिवस बुडायच्या आत संपवा, टाकायचं न्हाय.”

मी नाही म्हटलं. तिनं डोळे वटारले. त्या चेहऱ्यात आता डोळेच मोठे उरले होते.

सुनेनं वाट्या आणल्या. भाचा आला आणि दाराशी जमिनीवर बसला. आम्ही तिच्यासमोर बसून खाल्लं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं आणि आक्का एकदा त्या उन्हाकडे, एकदा आमच्या वाट्यांकडे बघत होती. ती मध्येच म्हणाली की कडेचं करपलेलं मास्तरीणबाईला द्या, इतके दिवस माझ्यामुळं तिला मिळालं नाही. भाचा हसला आणि त्याला हुंदका आला. पातेलं रिकामं झाल्याचं तिनं वाकून बघितलं, मगच पाठ टेकली.

मी त्या दिवशी बेळगावला परत गेले नाही. पुढे तिनं रस सोडला. महाराजांचा निरोप आल्यावर पाणी सोडलं. खोलीत पाठ चालू असायचा आणि बायका येऊन हात जोडून बसायच्या. ती शुद्धीवर असताना गेली, सकाळी, सगळ्यांदेखत. तिच्या तोंडावर त्रास दिसला नाही. हे मी लिहून ठेवते आहे, कारण ते खरं आहे. आणि मला ते अजून मान्य करता आलेलं नाही, हेही खरं आहे.

सुनेनं ते पितळी पातेलं मला दिलं. त्याच्या आत, कडेला, साखरेचा एक काळा डाग आहे. चिंचेनं घासून तो गेला नाही, म्हणून मी घासणं सोडून दिलं. सफरचंदं मी आणत नाही. रविवारी मी घरीच असते. त्या दिवशी मी जेवणात मीठ घेत नाही, आणि दिवस बुडायच्या आत जेवते.