टेबलाखालचा अंगठा

तिचा चेहरा आज मला नीट आठवत नाही, पायाचा अंगठा मात्र आठवतो.

हुडकेश्वरच्या एका फोटो स्टुडिओत मी पासपोर्ट फोटोंसाठी थांबले होते. समोर कॉम्प्युटरपुढे ती बसलेली, मागे तिचे वडील येरझारा घालत होते. पुण्याचा मुलगा आणि त्याचे आईवडील तिला व्हिडिओ कॉलवर बघणार होते.

"मोबाईलमध्ये पोरगी काळी दिसते," वडिलांनी मी न विचारताच सांगितलं. म्हणून इथला कॅमेरा, इथले दिवे.

कॉल लागला, पण कॉम्प्युटरला कॅमेरा सापडतच नव्हता. दुकानदाराने मशीन बंद करून चालू केलं, टेबलाखाली वाकून वायर पुन्हा खोचली. तो उभा राहीपर्यंत कॅमेरा पुन्हा गायब.

"काहून नाही दिसून राहिलं गा?" वडिलांनी त्याला विचारलं.

"पिन ढिली झाली वाटते, काका."

माझी नजर खाली गेली. कॅमेऱ्याची वायर तिच्या पायाच्या अंगठ्यात अडकलेली होती आणि अंगठा ती वायर हळूच ओढत होता. सांगावं की गप्प राहावं? मला खुर्चीत बसवेना.

"बाबा, आवाज तर जाऊन राहिला नं," ती म्हणाली. "मंग बोलू द्या ना मले."

आणि तिनेच मुलाला विचारलं. स्वयंपाक येतो का, माझी नोकरी चालेल का, राग आला की काय करता. पलीकडचा आवाज चाचरत होता.

कॉल संपल्यावर उठता उठता तिने पायानेच पिन आत ढकलली. पडद्यावर तिची रिकामी खुर्ची उमटली, आणि मागे त्या सगळ्या दिव्यांत लख्ख दिसणारी, टेबलाखाली डोकावणारी मी.

पडद्यात मला पाहून ती पहिल्यांदाच हसली.