मॅडमची डावी बॅग

सुकन्या मॅडमचा पहिला लॅपटॉप एका माणसाने कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे बोथट बाजूने, फोडला, तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. मोजणी आटोपून आम्ही निघालो होतो. मॅडम मोटरसायकल चालवत होत्या आणि मी मागे लॅपटॉपची पिशवी लेकरासारखी पोटाशी धरून बसलो होतो. शेतांमधल्या पांदवाटेच्या वळणावर तो माणूस तुरीतून बाहेर आला, एक घाव घातला आणि परत तुरीत शिरला. लॅपटॉपचे दोन तुकडे झाले. माझी मांडी महिनाभर काळीनिळी होती आणि अजून पावसाळ्यात ठणकते. मॅडमनी गाडी थांबवली नाही. तीन किलोमीटरवर फाटा आला तेव्हा उतरल्या, माझा पाय दाबून पाहिला, हाड शाबूत आहे अशी खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "मामा, आता लॅपटॉप तुमच्या मांडीवर न्हाई."

मी नरसिंग. जळकोटला शेतजमिनीची मोजणी करणाऱ्या ऑफिसात शिपाई आहे. मॅडम मोजतात आणि मी यंत्राचा खांब धरतो, चुना टाकतो, झेंड्या रोवतो. अठ्ठावीस वर्षांत माझ्या अंगावर दगड आले, कुत्री आली, मिरचीची पूड आली. एका म्हातारीने तर दंडाला असा चावा घेतला की सुई टोचून घ्यावी लागली. दोन फूट बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांचं डोकं फोडतात आणि संध्याकाळी एकाच पारावर पट्टी बांधून बसतात. लोक म्हणतात, माती आईसारखी असते म्हणून असं होतं. मला विचाराल तर ही निव्वळ मस्ती आहे. चांगलं चोपलं पाहिजे एकेकाला.

सुकन्या मॅडम मूळच्या नांदेडच्या, वडील रेल्वेत होते. चार वर्षांपूर्वी जळकोटला आल्या तेव्हा आम्ही ऑफिसातले लोक चहाच्या पैजा लावून बसलो होतो, की ही पोरगी किती दिवसांत बदली मागते. मी एक महिना म्हणालो होतो. सगळ्यांना चहा मलाच पाजावा लागला.

त्यांच्या कामाच्या दोन रीती होत्या. मोजणीच्या शेतात कुणाचंही पाणी प्यायचं नाही. एका बाजूचा अर्धा कप चहा घेतला, की दुसऱ्या बाजूच्या लेखी मोजणीवाला विकला गेला. आणि दुसरी म्हणजे, निकाल एकाला आधी सांगायचा नाही. आकडे लॅपटॉपवर नकाशाला जुळले की मॅडम झाकण बंद करत. मग दोन्ही बाजू आणि शेजारचा खातेदार बांधावर उभे राहिले, की एकदाच मोठ्याने सांगत. दुसऱ्यांदा विचारलं तरी सांगत नसत. मी पाहिलेल्या साहेबांपैकी निम्मे निकाल आधी कानात सांगायचे. मॅडमचा मला अभिमान वाटायचा, तो यासाठीच.

लॅपटॉप फुटल्यानंतरच्या शनिवारी आम्ही नांदेडला बॅग घ्यायला गेलो. मोटरसायकलच्या कडेला लटकणारी पाहिजे होती. वजिराबादच्या दुकानात पोराने लडाखला जाणाऱ्यांची बॅग काढली. काय तिचे पट्टे आणि काय ते बकल! मॅडमनी एकच विचारलं, "गाडीवरून काढायला किती वेळ लागतो?" पोरगं उत्साहाने एकेक बकल सोडायला लागलं. तिसऱ्या बकलाला मॅडम म्हणाल्या, "एवढ्यात आमचे मामा मेले."

मग इतवाऱ्यात जिलानीभाईंकडे गेलो. गाड्यांच्या सीटला कव्हर शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी आधी मॅडमना गाडीवर बसवलं, मला मागे बसवलं आणि टेप घेऊन आम्हालाच मोजलं. माझा गुडघा कुठे येतो, स्टँडवर लावली की गाडी किती कलते, सगळं.

"लॅपटॉप डाव्या अंगाला," ते म्हणाले. "उजवीकडं सायलेन्सर हाय, भाजून निघंल. उजवीकडं चुना, झेंड्या, पाण्याच्या बाटल्या टाका. वजन बी सारखं होतंय. अन आत मी झोळी टांगतो. खड्ड्यात गाडी आदळली तर बॅग आदळंल, लॅपटॉप न्हाई."

"अन काढायला?"

"एक कडी ठेवतो. वर ओढली की बॅग हातात. पर मग तिला कुलूप बसणार न्हाई, मॅडम. चोरानं बी ओढली तर तशीच येईल."

"चोर परवडला जिलानीभाई. मला पळायचं असतं," मॅडम म्हणाल्या.

माझा जेवणाचा डबा कुठे ठेवायचा हा प्रश्न तेवढा राहिला. उजवीकडे चुन्याशेजारी मला नको होता. मी म्हणालो, डाव्या बॅगेला बाहेरून एक खिसा लावा. जिलानीभाई त्याला झाकण शिवायला लागले, तर ते डब्यावर बसेना.

"झाकण राहू द्या," मी म्हणालो.

"उघड्या खिशात कुणी बी काही बी टाकतंय, नरसिंगभाऊ."

"काढणारे लई पाहिले. टाकणारा कोण हाय?"

मॅडम हसल्या. "शिवा मामांचा खिसा, त्यांना पायजे तसा."

बॅग खरोखर नामी झाली. एका गावात एकाने लाथ घालून गाडी डावीकडे पाडली, तरी लॅपटॉप सुरू. दुसरीकडे दगडांचा मारा झाला, रेक्झिन दोन जागी फाटलं, आतल्या झोळीला काही नाही. देगलूर रस्त्याला एका दारुड्याने माझी कॉलर धरून गळा आवळला, तेव्हा मॅडमनी कडी ओढली आणि ती बॅगच त्याच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तिथून मॅडम सरळ पोलीस ठाण्यात गेल्या आणि स्वतःच्या तोंडाने सांगून आल्या, की नाक मी फोडलं. मी म्हणालो, कुणी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहिलं की."

शेषेराव आणि सिद्धरामची मोजणी जानेवारीत होती. सख्खे भाऊ, बापाच्या जमिनीच्या दोन वाटण्या आणि मधे बांध. धाकट्या सिद्धरामने बांध कोरून पट्टी आपल्याकडे ओढली, असा थोरल्या शेषेरावचा अर्ज होता. दोन वर्षांत त्यापायी एका बैलाचा पाय मोडला होता आणि शेषेरावच्या हाताला अकरा टाके पडले होते. त्यांची आई शिवम्मा, माहेर कर्नाटकातलं, सत्तरी ओलांडलेली. पोरांनी तिचीही वाटणी केली होती. एक महिना थोरल्याकडे जेवायचं, एक महिना धाकट्याकडे. जानेवारीत तिची पाळी थोरल्याकडे होती.

सव्वादहाला मॅडमचं काम झालं. त्यांनी नकाशा पाहिला, झाकण बंद केलं आणि लॅपटॉप बॅगेत ठेवून दिला. पण नोटीस दिलेला शेजारचा खातेदार आला नव्हता. त्याच्याशिवाय निकाल सांगायचा नव्हता, म्हणून शेषेराव त्याला आणायला गावात गेला. आम्ही बाभळीखाली थांबलो.

सिद्धराम काठी घेऊन शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून येरझारा घालत होता. तीनदा येऊन त्याने विचारलं.

"मॅडम, एवढं तरी सांगा. बांध कुणाकडं सरकलाय?"

"दोघांसमोर सांगते."

"थोरल्याला सांगून झालं असंल."

"कुणालाच न्हाई सांगितलं. बसा, पाणी प्या."

तो बसला नाही. तिसऱ्यांदा परत फिरताना त्याने काठी ढेकळावर अशी आपटली की ढेकूळ फुटून माती माझ्या तोंडावर आली. मी शिवी दिली, पण मनातल्या मनात.

साडेअकराच्या सुमारास शिवम्मा हरभऱ्यातून आली. शेतात आलेलं माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये, ही तिची जुनी सवय असणार. फडक्यात हरभऱ्याचे डहाळे बांधले होते. ती गाडीपाशी गेली, उघडा खिसा दिसला, त्यात गाठोडं ठेवलं आणि वर माझा डबा नीट बसवला. मॅडमची तिकडे पाठ होती. मी पाहिलं. एक शब्द बोललो असतो तर मॅडमनी ते गाठोडं तिथल्या तिथे परत दिलं असतं. पण मला डहाळे फार आवडतात. मी गप्प बसलो.

सिद्धरामनेही पाहिलं, पलीकडून. या महिन्यात थोरल्याकडे जेवणारी आई मोजणीवाल्या बाईच्या बॅगेत काहीतरी लपवते आहे. त्याला डहाळे दिसले नाहीत, फडकं दिसलं.

तो पळत आला. पहिली काठी बॅगेवर बसली, खिसा फाटला आणि डबा, डहाळे सगळं मातीत गेलं. त्याने खाली पाहिलंच नाही. "विकली गेली रांड," असं ओरडत दुसरी काठी घातली, ती मी हातावर घेतली आणि माझं मनगट कडकन मोडलं. मॅडमनी कडी ओढली, बॅग छातीशी धरली आणि तुरीत घुसल्या. ठरलंच होतं तसं. बॅग गेली की मोजणी गेली, म्हणून आधी बॅग, मग माणसं. मी गुडघ्यांवर होतो. तिसरी काठी माझ्या डोक्यासाठी वर गेली.

"बेडा सिद्धू, बेडा," नको नको असं तिच्या कानडीत म्हणत शिवम्मा मधे आली. दोन्ही हात वर धरले होते तिने. काठी हातांच्या मधून कानशिलावर उतरली आणि म्हातारी बांधावर आडवी झाली.

शेषेराव त्याच वेळी खातेदाराला घेऊन गावातून परतला. त्याने आई पाहिली, दगड उचलला आणि भावाच्या तोंडात घातला. सिद्धरामचे दात पडले. मग दोघे एकमेकांवर पडले, गळे धरले, चावले, बोटं डोळ्यांत घातली. आईचे पाय त्यांच्याखाली आले तरी कळेना. मी एका हाताने कुणाचा तरी सदरा ओढत होतो. शेषेराव वर आला, भावाच्या छातीवर बसला आणि दगड दोन्ही हातांनी उचलला. तो आता घालणार होता.

मॅडम तुरीतून बाहेर आल्या. पळून जाता आलं असतं त्यांना. आधी शिवम्माजवळ बसून ओढणीने डोकं बांधलं, मग उठल्या आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात, नेहमीसारखं एकदाच म्हणाल्या,

"पट्टी सिद्धरामची हाय. दोन फूट नऊ इंच. बांध त्यांनी कोरला न्हाई."

शेषेरावचे हात तसेच वर राहिले. मग त्याने दगड बाजूला टाकला आणि भावाच्या अंगावरून उतरला.

शेजारच्या खातेदाराचा टेम्पो होता. त्यात शिवम्माला घातलं, डोकं मॅडमच्या मांडीवर. सिद्धराम पायाशी बसला होता, आईचे दोन्ही तळवे हातात धरून. तोंडातलं रक्त त्याच्या सदऱ्यावर गळत होतं. उदगीरच्या अलीकडे त्याने मान वर केली.

"मॅडम, तुमाला कवा कळलं?"

"सव्वादहाला."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?"

मॅडमनी शिवम्माच्या डोक्याला बांधलेली ओढणी पुन्हा घट्ट केली. दवाखाना यायच्या आधीच शिवम्मा गेली.

दुपारी ठाण्यात जबाब झाले. माझा हात प्लास्टरमध्ये होता. साहेब भला माणूस होता, आम्हाला आधी पाणी दिलं. बॅगेचा खिसा उघडा का होता, असं त्याने विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बॅग माझी आहे." मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, साहेब, खिसा माझा. म्हातारीला टाकताना मी पाहिलं आणि बोललो नाही. त्याने तेही लिहून घेतलं.

मॅडमचा जबाब वाचून दाखवला. मोजणी झाली, खातेदाराची वाट पाहिली, हल्ला झाला, सगळं बरोबर होतं. साहेबाने सहीसाठी कागद पुढे सरकवला. मॅडमनी पेन घेतलं आणि परत ठेवलं.

"एक राहिलं. निकाल मला सव्वादहाला माहीत होता. सिद्धरामने तीनदा विचारलं. मी सांगितला नाही. हे लिहा."

"मॅडम, त्याची गरज न्हाई. नियमानंच वागलात तुम्ही."

"लिहा."

त्याने लिहिलं, त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. मी ओरडलोच त्यांच्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. कुणी विचारलं होतं का? खुनी तो, काठी त्याची, आणि कोर्टात वकील तुम्हालाच फाडून खाईल. सव्वादहाला सांगितलं असतं तर थोरल्याने मारलं असतं, मग तेही लिहून दिलं असतं का?

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. प्लास्टरचा हात गळ्यातल्या पट्टीत नीट अडकवून दिला.

"खाऊ द्या, मामा," त्या म्हणाल्या. "म्हातारी जिती होती तेव्हा सव्वा तास निकाल माझ्याजवळच होता."