पाणकरबाबांचे अंदाजपत्रक

लिहिणार : मी स्वतः, मराठी पाच इयत्ता पास, कचेरीसमोरच्या चिंचेखाली वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलेला. ज्यांच्याविषयी लिहिले : चोरखमाऱ्याच्या वाटेवरील एका खेड्याचे पाणकर, म्हणजे गावतलावाचे पाणी शेतोशेत वाटून देणारे वृद्ध गृहस्थ. तारीख : धान चुरून, म्हणजे मळून, झाल्यावरचा कोणताही बाजारवार, कारण ते दरसाल त्याच सुमारास येत. साक्षीदार : कचेरीचा चपराशी, समोरचा पानवाला आणि कोंडवाड्याचा राखणदार. तिघेही हयात असून बोलावल्यास येतील.

सदरहू पाणकरबाबांइतका सरकारी खर्च समजलेला मनुष्य या मुलखात दुसरा झाला नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. लोकल बोर्डाचे अंदाजपत्रक मेंबरांनी मंजूर केले असेल, परंतु अथपासून इतिपर्यंत ऐकले ते केवळ पाणकरबाबांनी. कचेरीच्या भिंतीवर ते कागद चिकटले की बाबा बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, पाण्याने पाय धुऊन येत, पागोटे नीट करीत, माझ्या पेटीसमोर मांडी घालून बसत आणि पोथी लावावी तशा स्वरात म्हणत, "हं, मुन्शीजी, लावा आता." मी चपराशाला विडी देऊन कागदांची नक्कल उतरवून घेतलेली असे, ती वाचू लागे. मी एखादी बाब गाळली तर त्यांना तात्काळ कळे. एकदा 'किरकोळ' या सदराखालील मजकूर मी कंटाळून सोडला, तेव्हा ते म्हणाले, "काऊन गा, उडी मारून राहिले काय? बांधी सुटली तं धान सुटते." बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेले धानाचे खाचर. पानवाला हसून हसून चुना सांडी.

नुसते ऐकून समाधान पावणारा हा मनुष्य नव्हता. वाचलेली प्रत्येक बाब जागेवर जाऊन पाहण्याचा त्यांचा शिरस्ता होता. डाकबंगल्याच्या सफेदीची तरतूद झाली त्या वर्षी ते सात कोस चालत गेले, भिंतीवरून बोट फिरवले, बोट खानसाम्याच्या नाकासमोर धरले आणि, "चुना पातळ हाय," एवढा शेरा देऊन परतले. कोंडवाड्याला नवे फाटक मंजूर झाले तेव्हा त्याची कडी पाहण्यासाठी ते आत शिरले. फाटक उत्तम बसवलेले असल्याने ते मागून आपोआप लागले. राखणदार जेवायला गेला होता. दोन म्हशी, एक मारका गोऱ्हा आणि पाणकरबाबा असे चौघे तिसऱ्या प्रहरापर्यंत आत राहिले. राखणदार आल्यावर म्हणाला, "बाबा, तुमचा दंड कोण भरल आता?" बाबा शांतपणे बाहेर येत म्हणाले, "दंडाचं मंग पाहू. हा एक खर्च मात्र बरोबर झाला. लिहून घे."

या सगळ्या खटाटोपामागे एक गोष्ट होती. त्यांच्या गावतलावाचे तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याची दगडी मोरी, फुटलेले होते. रात्रंदिवस पाणी झिरपे आणि धान निसवण्याच्या वेळी, नेमकी गरज लागे तेव्हा, तलाव तळाला जाई. शेवटाकडच्या शेतांत मग तणसाखेरीज, म्हणजे पेंढ्याखेरीज, काही उरत नसे. दुरुस्तीचे अर्ज मी दरसाल लिहिले, आणि माझे अर्ज कसे असतात हे तालुका जाणतो. उत्तर ठरलेले येई : तरतूद नाही. ही तरतूद राहते तरी कुठे, हे शोधण्यासाठीच बाबा अंदाजपत्रक ऐकू लागले होते.

एका वर्षी त्यांना ते सापडले, निदान त्यांना तसे वाटले. पहिल्या पानावर बोर्डाच्या कचेरीच्या खुर्च्या व मेंबरांचा प्रवासखर्च, मग डाकबंगला, आणि तलावांची दुरुस्ती थेट शेवटच्या पानाच्या तळाशी. बाबांनी पानांचा क्रम म्हणजे पाण्याची पाळी धरली. त्यांच्या गावी नियम असा की पाणकराच्या शेताला सर्वांच्या मागून पाणी. ते मांडीवर थाप मारून उठले. "मुन्शीजी, हे तं वाटणाऱ्यानंच पयले आपली बांधी भरली! आमच्याकडं असं केलं तं पाणकी काढून घेतेत." मी त्यांना समजावले की अंदाजपत्रक असे चालत नाही, परंतु मला तरी ते कसे चालते हे कुठे ठाऊक होते? अखेर मी अर्ज लिहिला की, यंदा खर्च शेवटच्या पानापासून सुरू करावा व वाटणाऱ्यांची पाळी शेवटी यावी.

तो अर्ज घेऊन आम्ही दोघे बोर्डाच्या बैठकीस हजर झालो. हेडक्लार्क गोंदियाच्या बाजारपेठेतला, हिंदीतच बोलणारा. अर्ज वाचून त्याला हसू आवरेना. "अरे दादा, ये बजट है, नहर नहीं है! पहला पन्ना, आखरी पन्ना, सबको एक साथ मिलता है." मेंबरही हसले. मी खाली पाहिले. बाबा मात्र हसले नाहीत की रागावले नाहीत. खरोखरच समजून घ्यायचे आहे अशा चेहऱ्याने त्यांनी विचारले, "सबले एकाच वक्ती भेटते म्हणता, तं आमचा नंबर आला तवा सरलं कसं जी?"

हेडक्लार्कने कागद खाली ठेवला. एका मेंबराने घड्याळ पाहिले. अध्यक्ष टाक दौतीत बुडवून म्हणाले, "याचे लेखी उत्तर देऊ."

त्याला आता चार पावसाळे झाले. दरवर्षी बाबा गावकऱ्यांना घेऊन तुडुमात माती व पळसाचा पाला ठासतात, आणि दरवर्षी ते वाहून जाते. शेवटचे शेत त्यांचे स्वतःचे असल्याने पहिल्यांदा तेच वाळते, आणि पाळी बदलून घ्या असे गावाने सांगूनही ते ऐकत नाहीत. यंदा गुडघ्यांमुळे बाजाराला आले नाहीत. अंदाजपत्रक लागले, तेव्हा मी आपण होऊन त्यांच्या गावी गेलो. ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घोंगडी टाकून बसले होते. मी वाचले, त्यांनी ऐकले. तलावांची बाब आली आणि गेली. "आपलं गाव नाही ना त्यात?" म्हणाले. मी नाही म्हटले. मग पाण्याकडे पाहत, "अन् कागद? त्यायचा कागद आला काय?"

मी त्या दिवशी प्रथमच एका पक्षकाराशी खोटे बोललो. म्हटले, निघाला आहे, वाटेत आहे.

सबब विनंती अशी की, सदरहू प्रश्नाचे उत्तर बोर्डाने कृपा करून लवकर पाठवावे. तुडुमाची दुरुस्ती मंजूर व्हावी हे उत्तम. ते शक्य नसल्यास कारण तरी लिहावे, आणि कारण माहीत नसल्यास माहीत नाही असे लिहावे, तेही त्यांना चालेल. उत्तर माझ्या नावे धाडावे. त्यांना वाचता येत नाही, परंतु ऐकू अजून चांगले येते. कळावे.