कासवाच्या पुढे

चहाचा कप पुढे केला की आमचे गणिताचे सर हात लांब करत आणि मध्येच थांबवत. "मॅडम, हा हात कपापर्यंत पोचूच शकत नाही. पहिले अर्धं अंतर जाईन. मंग उरलेल्याचं अर्धं. मंग त्याचंही अर्धं. उरतेच ना थोडंसं! ग्रीस देशातल्या एका माणसानं हे लय जुन्या काळी सांगून ठेवलं."

"मग रोज चहा पिता कसा?" मी विचारायची.

"तेच त समजून नाही राहिलं!" म्हणत ते कप उचलत आणि भुरका मारत. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचा विनोद आपल्याला पाठ झालेला असतो आणि तरी आपण रोज विचारतो.

ही चिचगडच्या पुढची, जंगलाच्या कडेची शाळा. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मी मराठी शिकवायची. आम्ही बाकीचे शिक्षक बदलीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले, सर मात्र तिथे रमले होते.

त्यांचं ते कोडं पोरांनी उचललं नसतं तरच नवल. मधल्या सुट्टीत एकाने बोरं पुढे करायची, दुसऱ्याने हात केला की मागे ओढायची, "अर्धं राहिलं!" रोज उशिरा येणाऱ्या एका पोराने तर तोंड वर करून सांगितलं, "सर, घरून त कवाचाच निंगलो. पण पोचताच येत नाही ना, तुमीच सांगतलं." सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला मात्र राग आला. अशाने पोरं डोक्यावर बसतील, असं मी म्हटलं.

"बसू द्या मॅडम. डोकं त मोकळंच आहे."

सातवीत ममता नावाची मुलगी होती. लहानपणी आलेल्या तापाने तिचा डावा पाय बारीक राहिला होता. चालताना ती गुडघ्यावर हात टेकायची. जीभ मात्र तिखट. पोरं तिला कासव म्हणत, ती त्यांना त्याहून वाईट काहीतरी म्हणे, आणि भांडण तिथेच मिटे. पण सरांना ते नाव लागलं. एक दिवस त्यांनी वर्गाला त्याच ग्रीक माणसाची दुसरी गोष्ट सांगितली. जगातला सगळ्यात चपळ धावपटू आणि कासव यांची शर्यत लागते. कासव थोडं पुढून निघतं. कासव होतं तिथे धावपटू पोचतो, तोवर ते जरा पुढे सरकलेलं. तो तिथे पोचतो, तोवर ते आणखी जरा पुढे.

"म्हणून," सर म्हणाले, "कासवाले कोणी मागे टाकू शकत नाही."

ममताने मान ताठ करून सगळ्या वर्गाकडे पाहिलं. सर खूश झाले. खरं सांगायचं तर मीही खूश झाले.

जानेवारीत शाळेच्या शर्यती झाल्या. मुलींनी ममताचं नाव परस्पर देऊन टाकलं आणि तिला थोडं पुढे उभं केलं. शिट्टी वाजली, आणि सगळ्या जणी तिच्या मागे खोटं खोटं, मुंगीच्या पावलांनी धावू लागल्या. "अर्धं राहिलं वं, अर्धं राहिलं!" हसू कोणालाच आवरत नव्हतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. ममता पहिली आली. दोरीपाशी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होते ते सर. तिने बक्षिसाचा कंपास घेतला, टेबलावर परत ठेवला आणि घरी निघून गेली.

मग ती शाळेत येईनाच. निरोप पाठवले, घरून उत्तर आलं, "नाही येत म्हणते." एवढी पोर एकदा घरी बसली की बसलीच, हे आम्हाला पुरतं माहीत होतं. सरांचं जेवणावरचं मन उडालं. शेवटी एका रविवारी ते मला सोबत घेऊन तिच्या गावी गेले.

ती तलावाच्या पाळीवर शेळ्या राखत होती. सर म्हणाले, "चुकलं बाई माझं."

"सर, सगळ्यायनं मले हसून हसून जिंकवलं. अन् तुमी टाळ्या वाजवून राहिले होते."

खाली उतरणाऱ्या एका शेळीला तिने हाकलून वर घेतलं आणि सरांकडे वळली.

"आता तुमी पळा माझ्यासंग. मले मागे टाका."

"कायले वं?"

"मले पाहाचं आहे, माझ्यानं खरंच किती पळणं होते ते."

पाळीच्या टोकाला मोहाचं झाड होतं, तिथवर पळायचं ठरलं. ममता थोडी पुढे उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेल्या सरांनी चपला काढल्या, पॅंट वर दुमडली. मी नको नको म्हणत होते, पण माझं कोण ऐकतंय! ती निघाली, गुडघ्यावर हात, दात आवळलेले, सगळं अंग एका बाजूला झोकून. सर मागून धावत आले, तिच्या पाठीशी पोचले आणि त्यांचे पाय मंदावले. त्यांना ते जमेचना हो.

ममताने मागे वळून पाहिलं नाही. "सर, तुमचे पाय ऐकू येऊन राहिले. थांबू नका!"

सर तिला ओलांडून गेले. त्यांनी मोहाला हात लावला आणि खोडाकडे तोंड करून उभे राहिले. ती बऱ्याच वेळाने पोचली, धापा टाकत, घामाने निथळत. "हारली मी," म्हणाली आणि खाली बसली. सरांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी ती शाळेत आली. पण आता वर्ग तिच्याशी जपून वागू लागला. कोणी चिडवेना, आणि खेळायलाही बोलावेना. ती आली की पाहुणी आल्यासारखी वाट मोकळी करून देत. सर ते बघत. ती कासवाची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. मी एकदा विचारलंच.

"त्या गोष्टीत कासवाले कोणी काही विचारतच नाही, मॅडम," ते म्हणाले. "इतकी वर्षं सांगून राहिलो, माझ्या ध्यानातच नाही आलं."

पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली सडक अर्जुनीकडे झाली. दोनेक वर्षांत ते गेले, आणि मला बातमीही उशिरा कळली. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन आहे, ते गाव सोडून निघाले त्या दिवसाचं. सर बसमध्ये चढून मागच्या सीटवर बसले होते. बस हलली तशी पोरं ओरडत मागे धावली. मी ममताचा हात धरायला गेले, तर ती केव्हाच सुटलेली. तिच्यासाठी थांबायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. एक पोरगा तिला धक्का देऊन पुढे गेला, तिने धावता धावता त्याला शिवी हासडली, आणि तो मागे वळून खिदळला. सर मागच्या काचेला नाक लावून बघत होते. हात हलवायचंही त्यांना सुचलं नाही. दमून एकेक पोर थांबत गेलं. ममता सगळ्यांच्या मागून आली, थांबलेल्यांना ओलांडून गेली, आणि बस वळणाआड दिसेनाशी झाली तरी धावतच होती.