साक्षगंधाचा टिळा आणि निळा पंप

माझ्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मी दारू पिऊन उभा होतो, असं अर्धं खापरखेडा आजही मानतं. खुद्द माझ्या बायकोनंच भरल्या घरात तशी ग्वाही दिल्यामुळे अपील करायची सोय राहिलेली नाही.

खरं म्हणजे मी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही आणि दुसऱ्यालाही कधी सुखानं शिवू दिलेलं नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या व्यसनमुक्ती मंडळाचा मी कायमचा वक्ता. गणपतीत एक आणि गांधी जयंतीला एक, अशी माझी भाषणं ठरलेली. (माझं भाषण ऐकून लोक त्या रात्री जरा जास्तच घेतात, असं माझी मुलगी पल्लवी म्हणते. पण ती फिजिक्स शिकलेली आहे, तिला समाज काय कळणार.)

माझा रोग वेगळा आहे. इतवारीच्या बाजारात माझं लाल मिरचीचं ठोक दुकान. अख्खी जवानी मिरचीच्या पोत्यांत घालवल्यावर छातीनं एक दिवस शिट्टी वाजवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि दोन पंप हातात ठेवले. केशरी पंप रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि वरून गुळण्या करायच्या. निळा फक्त दम लागला तरच. "निळा उगाच ओढत बसाल, तर छाती धडधडेल आणि हात कापतील," असंही ते बजावून म्हणाले. ते मला नीट ऐकू आलं होतं. पण मला नीट ऐकू आलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, ते बायकोला विचारा.

केशरी मी आठवडाभर ओढून पाहिला. काही म्हणता काही वाटेना. निळा ओढला की मात्र दोन-चार मिनिटांत छाती मोकळी! आता मी पडलो व्यापारी. चिमूटभर जिभेवर ठेवली की जिचा ठसका लागतो, ती मिरची खरी, एवढंच मला समजतं. तेव्हा केशरी पंप फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे गेला आणि निळा माझ्या खिशात आला. चहा प्यावा तसा मी तो ओढत असे.

अशात पल्लवीचं जमलं. मुलगा निखिल, खापरखेड्याचा. त्याचे वडील वासुदेवराव वीज केंद्राच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मिशी जाड आणि आवाज त्याहून जाड. साक्षगंधाचा दिवस ठरला आणि मी घरात फर्मान काढलं.

"पंपाची गोष्ट खापरखेड्यावाल्यायच्या कानावर जायची नाही."

"काहून?" पल्लवीनं विचारलं.

"दमा खानदानी असते म्हणते लोक. पोरीले बी निघन म्हणतील. जमलेलं मोडन."

"बाबा, आजपर्यंत मले कधी साधी सर्दी तरी टिकली का?"

"ते मले माहीत आहे, त्यायले माहीत नाही. साक्षगंध होऊ दे, मंग काय सांगायचं ते सांग."

एरवी ही पोरगी माझ्याशी हुज्जत घातल्याशिवाय जेवत नाही. त्या दिवशी ती गप्प बसली. मुलगा तिला मनापासून आवडला आहे आणि माझ्यामुळे हे मोडलं तर ती मला जन्मभर काही बोलणार नाही, हे मला त्या गप्प बसण्यावरून कळलं. त्याची मला फार धास्ती वाटली.

साक्षगंधाच्या सकाळी घरात अगरबत्त्या, धूप, निशिगंधाचे हार आणि माझ्या मोठ्या बहिणीचं अत्तर, असा सगळा माल एकदम उतरला होता. मला दम लागला नव्हता. पण लागेल, याची भीती लागली होती. भाव चढायच्या आधी गोदाम भरून ठेवावं, हा आमच्या बाजाराचा नियम. मी बाथरूममध्ये शिरलो, कडी लावली आणि निळ्या पंपानं गोदाम भरायला घेतलं. किती वेळा दाबला ते मोजलं नाही.

"अहो, पाहुणे गेटपाशी आले," बायको दार वाजवू लागली. "काय करून राहिले तुम्ही आतमधी?"

"तयारी."

तयारी जरा जास्तच झाली. पाहुण्यांना रामराम घालेपर्यंत माझ्या छातीत मिरची कांडायचं यंत्र सुरू झालं होतं. मग बोटं हलू लागली. मी हात खिशात घातले, तर खिसेही हलू लागले.

"मुलीच्या वडिलांनी नवरदेवाला टिळा लावावा," गुरुजी म्हणाले.

निखिल पाटावर बसला होता, अंगात पांढराशुभ्र कुर्ता. मी कुंकवात बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळाच्या दिशेनं रवाना केलं. ते भुवईवर उतरलं. दुरुस्त करायला गेलो, तर नाकावर. बिचारा निखिल समजूतदार, तो माझ्या बोटाचा अंदाज घेत आपलं डोकं हलवू लागला. पण मी डावीकडे गेलो की तो उजवीकडे जायचा. टिळा एकदाचा झाला, तेव्हा त्याचा चेहरा होळीहून परतलेल्या माणसासारखा दिसत होता. अक्षता लावायला घेतल्या, त्या गुरुजींच्या चष्म्यावर पडल्या.

एवढ्यावर थांबावं, तर मानानं व्याह्यांना चहा मीच नेऊन दिला. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी माझी कपबशी वाजत होती. कप वासुदेवरावांपर्यंत पोचला तेव्हा चहा बशीत होता. त्यांनी माझ्याजवळ तोंड आणून हळूच वास घेतला. मग ते उठले आणि माझ्या बायकोला कोपऱ्यात घेऊन गेले. त्यांच्या आवाजाला मात्र कोपरा पुरला नाही.

"वहिनी, खरं सांगा. आमच्या पोराचा प्रश्न आहे. इवाईबुवायले काही बिमारी आहे का?"

इवाईबुवा म्हणजे व्याही, अर्थात मी. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग पल्लवीकडे पाहिलं. 'दमा म्हणू नको' अशी मी मान हलवली. (मान तशीही हलतच होती.) माझी बायको एरवी भाजीवालीशी अर्धा तास घासाघीस करते, पण नवऱ्याचा सौदा तिनं एका दमात केला.

"बिमारी नाही जी," ती म्हणाली. "थोडीशी घेतात."

मी ओरडणार होतो, पण ओरडलो असतो तर दमा सांगावा लागला असता. वासुदेवरावांच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र झरझर उतरला.

"मंग असं सांगा ना! मी म्हटलं, खानदानात काही रोगबिग आहे का. घेणं काय, सारेच घेते. धंद्याचं टेन्शन रायते माणसाले."

"आमचे भाऊजी बी घेते जी," विहीणबाईंनी धीर दिला. "वरातीत लई चांगले नाचते."

खोलीत एकदम मोकळेपणा आला. लोक हसून पेढे खाऊ लागले. दमेकरी बाप म्हटलं असतं, तर स्थळ उठून गेलं असतं, आणि दारुडा बाप म्हटल्यावर पेढे! ज्या बाईवर विश्वास टाकून मी संसार केला, तिनं माझी अब्रू विकली होती आणि वर भावही चांगला आणला होता.

तेवढ्यात पल्लवी उठली. साडी सावरत सरळ माझ्याकडे आली, माझ्या खिशात हात घालून निळा पंप बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला.

"बाबा पीत नाहीत. बाबाले दमा आहे. आज घाबरून हा पंप जास्त ओढला, म्हणून हात कापून राहिले त्यायचे. लपवून मले लग्न करायचं नाही. तुम्हाले चालत नसन, तर आत्ताच सांगा."

पेढे जागच्या जागी थांबले. माझी छाती आता पंपामुळे धडधडत नव्हती. मुलीनं स्वतःच्या हातानं स्वतःचं लग्न पणाला लावलं होतं, तेही माझ्या भित्रेपणापायी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तिचा अभिमानही इतका वाटला की डोळे भरून आले. (वासुदेवरावांनी ते लालभडक डोळे नीट पाहून घेतले.)

"मले माहीत आहे," निखिल नाकावरचं कुंकू पुसत म्हणाला. "पल्लवीनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं."

"सांगनच ना गा," वासुदेवराव म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "बापाची इज्जत झाकाले ही पोरगी भर सभेत खोटंच दम्याचं नाव सांगून राहिली. बापापायी सोताचं लग्न मोडाले तयार झाली. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी भेटत नाही." आणि त्यांनी पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवला.

साक्षगंध थाटात पार पडलं. पुढे लग्नही झालं. मी जीव तोडून किती सांगितलं, पंप दाखवला, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. व्याही प्रत्येक वेळी माझ्या खांद्यावर थोपटतात आणि म्हणतात, "समजलं, इवाई, समजलं."

साक्षगंधाच्या संध्याकाळीच बायकोनं मला डॉक्टरांकडे नेलं होतं. ईसीजी निघाला, हृदय ठणठणीत. थरथर तर रिक्षातच थांबली होती. डॉक्टरांनी केशरी पंप लोणच्यामागून काढायला लावला, तेव्हापासून तो रोज ओढतो. निळ्याची आता क्वचितच गरज पडते. केशरी ओढून सकाळी अंगणात खळखळून गुळण्या करतो, तेव्हा साक्षगंधाची बातमी ऐकलेले शेजारचे काका कुंपणावरून सहानुभूतीनं पाहतात.

यंदाच्या गणपतीत व्यसनमुक्ती मंडळाचं मला पुन्हा बोलावणं आलं. वक्ता म्हणून नाही, दारू सोडलेला माणूस म्हणून. सत्कार आणि अनुभवकथन. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण व्याह्यांनी माझ्या वतीनं होकार कळवून टाकला होता. मंडपाजवळच्या धुपानं छाती आवळली, म्हणून व्यासपीठावर चढायच्या आधी निळा पंप ओढला, आणि धास्तीनं वरून आणखी थोडा ओढला. शाल-श्रीफळ घेताना हात असे कापू लागले की नारळ सुटून अध्यक्षांच्या पायावर पडला. पुढच्या रांगेत बसलेले वासुदेवराव डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, "पाहा गा, सोडणं किती कठीण असते."

टाळ्या मात्र माझ्या कुठल्याच भाषणाला एवढ्या पडल्या नव्हत्या.