धूर कुणीकडे झुकला

माझा थोरला दादा गिरणीत साच्यावर कापड विणायचा, पण डिलाईल रोडची आमची चाळ त्याला 'वेधशाळा' म्हणायची. हस्त नक्षत्र लागलं की पहिली पाळी संपवून स्वारी थेट गच्चीवर. गडगडाटी पाऊस कुठे उठणार, विजा कुठून झकास दिसतील, हे ताडायचं आणि तिकडे पळत सुटायचं, हा त्याचा छंद. आई म्हणायची, "लष्करच्या भाकऱ्या भाजतोय मेला." मी मात्र कायम त्याच्या मागे.

त्याचं यंत्र म्हणजे गिरण्यांची धुराडी. धूर पश्चिमेला, वरळीकडे झुकला की घाटावरचे ढग आपल्याकडे येणार. मग आम्ही शिवडीच्या किल्ल्यावर त्यांना सामोरे जायचो. धूर पूर्वेला, शिवडीकडे गेला की ढग घाटावरच रिकामे होणार, आपण घरी चहा प्यायचा. अंदाज पुष्कळदा चुकायचा. मग कोरडेच परत येताना आम्ही चणे खायचो आणि दादा वाऱ्याला शिव्या घालायचा.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षातलं, वर मावळात. मला मुळीच जायचं नव्हतं. मी घरात भांडी आपटत होते. जाण्याआधी दादाबरोबर एक शेवटचं वादळ बघायचं, एवढाच माझा हट्ट होता आणि हस्त तर कोरडा चालला होता. शेवटी एक दिवस असं उकडायला लागलं, की दादा म्हणाला, "आज नक्की."

आणि नेमका त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ! सकाळी दादानेच घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. दुपारी गच्चीवर गेलो, तर एकाही धुराड्यातून धूर नाही.

"आता वारा कुठला, डोंबल कळणार?" दादा कपाळावर हात मारून खाली बसला.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. त्याला दिसू नये म्हणून मी पूर्वेकडे तोंड फिरवलं. धूर नसल्यामुळे जन्मात पहिल्यांदा घाटापर्यंतचं आभाळ स्वच्छ दिसत होतं. डोंगराच्या रेघेवर एक पांढरा ढग, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, वर वर चढत होता.

"दादा, ऊठ!"

इतकी वर्षं आम्ही धूर बघत होतो. ढग जन्मताना कधी पाहिलाच नव्हता. दिवेलागण झाली तरी आम्ही तिथेच उभे होतो. तो आमच्याकडे आला नाही. लांबच, आवाज न करता, आतून उजळत राहिला.

दादाने त्या ढगाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "येडे, तो उभा आहे ना, त्याच्या खालीच तुझं सासर. इथे आपण वाट बघायचो. तुझ्या तर अंगणातच उठेल."

दादा होता तोवर, हस्तात अंगणावर ढग उभा राहिला की मी चुलीचा धूर बघायचे. मुंबईकडे झुकला की वाटायचं, आज दादाची चैन आहे. आता त्या गच्चीवर कुणी नाही. तरी धूर तिकडे झुकला की मला आधी आनंदच होतो, आणि मग आठवतं.